पंख्याच्या उलट्या तारा

देऊळघाटच्या देवानंद इंगळेंनी जुन्या जीपचं इंजिन आणि ते थंड ठेवायला विजेचा पंखा बसवून स्वतःच्या हातांनी मोटार बनवली होती. उभं आयुष्य गॅरेजात गेलेलं, पण ही मोटार राजूर घाटात दरवेळी उकळायची. रेडिएटर बदलून झाला, पंपही बदलला.

त्या दिवशी पुन्हा वाफ निघाली. मुलगी पायल समोरच्या जाळीपाशी वाकली, तशी तिची ओढणी मागे उडाली.

"बाबा, पंखा हवा बाहेर काऊन फेकून राह्यला?"

देवानंदांनी जाळीसमोर हात धरला. तळव्याला गरम झळ लागली. अकरा वर्षांपूर्वी तारा त्यांनीच जोडल्या होत्या.

"मीच उलट्या लावल्या," म्हणत ते मटकन कठड्यावर बसले.

तारा पायलने बदलल्या. मोटार न उकळता घाट चढली, तरी देवानंदांची नजर तापमानाच्या काट्यावरून हलली नाही.