मोटारीच्या दिव्याला नमस्कार

मी मोटार शिकले ती हौसेने, असं आमच्या नातेवाइकांत अजूनही सांगतात. मी खोडून काढत नाही. हौशी बाई म्हणून म्हातारपणी थोडा मान मिळतो. खरं कारण मात्र माझ्या नवऱ्याचे डोळे होते. दिवसा ते सुताची लडी लांबून बघून सांगत, यात मिसळ आहे. दिवस मावळला की समोर उभी असलेली म्हैस त्यांना दिसत नसे. रातांधळेपणा. हे दोघींनाच ठाऊक होतं, मला आणि सासूबाईंना.

आमचे हे लकडगंजातल्या व्यापाऱ्यांकडून सूत उचलत, मोटारीत घालून उमरेडच्या विणकरांना नेऊन देत आणि तयार धोतरं-लुगडी घेऊन त्याच दिवशी परत येत. मोटार जुनी, काळी, एक गोरा साहेब देश सोडून गेला तेव्हा त्याने विकलेली, मग दोघा-तिघांच्या हातून फिरून आमच्याकडे आली. उमरेडला शेवटचं लुगडं घडी होऊन हातात पडेपर्यंत ऊन उतरायचंच. एका हिवाळ्यात परत येताना त्यांनी गाडी सरळ तुरीच्या शेतात नेली. व्यापाऱ्याला सांगितलं, म्हैस आडवी आली. म्हैस एकदा आडवी येऊ शकते, दर बाजाराला येऊ शकत नाही. ड्रायव्हर ठेवावा तर तो चहाच्या दुकानात बसून सगळ्या लकडगंजाला सांगणार, आणि अंधारात न दिसणाऱ्या माणसाच्या गाडीत कोण माल घालेल? मग धंदा गुंडाळून दुसऱ्याच्या पेढीवर मांडी घालायची, एवढंच उरलं असतं.

सासूबाई त्या दिवशी ज्वारी पाखडत होत्या. सूप खाली न ठेवताच म्हणाल्या, "इले शिकव."

"इले?" हे माझ्याकडे असं पाहू लागले, जणू मी आताच दारातून आत आले. "आई, ही सायकलवर बसली नाही कधी."

"मी पाहून राहिलो न, मागावर कशी बसते ते. दोन्ही पाय येगयेगळे चालतात तिचे. तुह्यानं होते काय तसं?"

माझं माहेर विणकरांचं. लहानपणापासून मी मागावर बसलेली. हात धोटा फेकतात तेव्हा पाय खालच्या पट्ट्या दाबतात, कुणी कुणाला विचारत नाही. मी त्यावर खूश झाले आणि मोटार म्हणजे एक चाकं लावलेला माग, असं मनाशी ठरवूनही टाकलं. तेव्हा मी विशीतली होते, मॅट्रिक झालेली, म्हणजे मला जवळजवळ सगळंच कळत होतं.

चाकं, गिअर, ब्रेक हे सगळं मला मैदानावर लवकर जमलं. अडलं ते दिव्यांपाशी, आणि मला गाडी चालवायची होती ती दिवे लागल्यानंतरच. गाडीच्या पुढच्या फळीवर एक काळं बटण होतं. ते एकदा ओढलं की पुढचे दोन बारके दिवे आणि मागचा लाल दिवा लागे, म्हणजे इतरांना आपण दिसतो. आणखी ओढलं की मोठे दिवे लागत, म्हणजे आपल्याला रस्ता दिसतो. मोठ्या दिव्यांचा झोत खाली करायचा खटका मात्र हाताजवळ नव्हता. तो पायाशी होता, क्लचच्या डावीकडे. डाव्या पायाने दाबला की झोत खाली, परत दाबला की वर. आणि वळायचं असेल तर स्टीअरिंगच्या मधोमध एक खुंटी होती. ती फिरवली की दारामागच्या खांबातून एक छोटा हात टक्कन बाहेर यायचा, त्यात नारिंगी दिवा.

हे सगळं मला यांनी भर दुपारी समजावलं. मी शहाण्यासारखी मान हलवली आणि विचारलं, "या दिव्यात घासलेट कुठून घालतात?"

हे गाडीतून उतरून समोर नीट उभे राहिले आणि म्हणाले, "लाव."

मी बटण ओढलं. "लागले काय?"

"एक लागला. दुसरा रुसून राहिला."

"माह्यावर काहून रुसते?"

"वायर ढिली आहे वं."

वायर घट्ट झाली, मी ढिलीच राहिले. समोरून कोणी आलं की झोत खाली करायचा, नाहीतर त्याचे डोळे दिपतात, एवढाच नियम. मी त्यात माझं शहाणपण घातलं. सासरी मोठं माणूस समोर आलं की डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा, तसंच हे, असं मला वाटलं. म्हणून संध्याकाळी मैदानाच्या कडेने फिरताना मी प्रत्येक पागोट्यासमोर दिवे खाली केले. बैलगाडी आली, खाली. मामंजींच्या वयाचे कोणी पायी चालले होते, खाली. एक म्हातारा लोटा घेऊन बसायला निघाला होता, त्यालाही. पोराटोरांसमोर मात्र दिवे वरच. पोरांचा काय मान ठेवायचा? एक मालट्रक समोरून आला. त्याचा ड्रायव्हर मला तरुण दिसला, तर मी झोत वरच ठेवला. त्याने खिडकीतून जे सांगितलं त्यातलं निम्मं हिंदी होतं, आणि ते निम्मंच मी यांना सांगितलं.

हाताचं तर विचारूच नका. बाहेर आलेला नारिंगी हात मी आत घ्यायला विसरत असे. सक्करदऱ्यापर्यंत आम्ही हात बाहेर काढून गेलो. मागचे सायकलवाले, ही आता वळेल, मग वळेल, म्हणून ताटकळत मागे चालले होते. कधी तो हात बाहेरच यायचा नाही. मग मागे बसलेल्याने आतून खांबावर मूठ मारायची. मागे सासूबाई बसत. त्यांना ते काम फार आवडलं.

लायसनच्या परीक्षेला मात्र सासूबाई आल्या नाहीत, त्यांना ताप होता. मागे हे बसले. गर्दी होती, माझा नंबर यायला संध्याकाळ झाली. इन्स्पेक्टर शेजारी बसला. गणवेश कडक, मिशा त्याहून कडक. बाई गाडी चालवणार म्हणून दोन-चार माणसं फाटकाशी थांबली होती. मी गाडी सुरू केली, चालवली, आवारातल्या कडुलिंबाला वळसा घातला. इन्स्पेक्टर म्हणाला, "ठीक. आता अंधारलं. दिवे लावा."

डाव्या हाताने मी बटण ओढलं. पुढे रस्त्यावर पिवळा उजेड पडला. आणि माझा उजवा हात आपणहून स्टीअरिंग सोडून डाव्याला येऊन मिळाला. दोन्ही हात जोडून मी दिव्याला नमस्कार केला. डोळेही मिटले असावेत, कारण कडुलिंब जवळ येताना मी पाहिला नाही.

याचं कोणाला नवल वाटायला नको. दिवेलागणीला घरात दिवा लागला की हात जोडायचे, हे आमच्याकडे बोलायला लागायच्या आधी शिकवतात. घरी विजेचा दिवा आला तेव्हाही आम्ही बटण दाबून गोळ्याला हात जोडत होतो. पण घराची भिंत चालत नसते.

इन्स्पेक्टरने स्टीअरिंग ओढलं. गाडी झाडाला घासत थांबली. त्याने टोपी नीट केली आणि विचारलं, "बाई, हे काय होतं?"

"नमस्कार," मी म्हणाले.

"कोणाला?"

"दिव्याला."

फाटकावरची माणसं हसली. इन्स्पेक्टर उतरला आणि पुढच्या महिन्यात या म्हणाला. परतताना अंधार होता. यांना दिसत नव्हतं, मला परवाना नव्हता. शेवटी ओळखीच्या एका दुकानदाराने गाडी घरी आणून दिली. त्याने वाटेत विचारलं, "तुम्हीच काहून नाही चालवत, भाऊ?" हे म्हणाले, पाय मुरगळला. आणि मग आठवडाभर त्यांना लंगडावं लागलं, कारण तो दुकानदार आमच्याच गल्लीतला होता.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता मोटार जाणार. यांनी तर पेढीवरच्या जागेबद्दल बोलायलाही सुरुवात केली.

"थांब गा," सासूबाई म्हणाल्या. "दिव्याले नमस्कार केला म्हणून नापास? अन् केला नसता तर पास? असं कसं?"

"हात सोडले न आई तिनं."

"मंग हातच सोडू नोको म्हणा. नमस्कार मी करतो."

"तुम्ही?" मी विचारलं.

"मी मागं बसतो. तू दिवा लाव, मी हात जोडतो. घरात एकानं केला तरी चालते. तुही आजेसासू बाजेवरून उठत नव्हती, मी तिच्या वाट्याचा करत होतो."

पुढचे दिवस आमचा सराव चालला. पाटावर मी परात धरून बसले, स्टीअरिंग म्हणून. मागे सासूबाई. मी "दिवा" म्हणायचं, डावा हात बटणाकडे न्यायचा आणि परत परातीवर आणायचा. उजवा हलला की सासूबाई त्यावर चापट मारत. शेजारीण ताक मागायला आली, आम्हाला पाहिलं आणि ताक न घेताच गेली.

दुसऱ्या परीक्षेला तोच इन्स्पेक्टर. सासूबाई नऊवारीचा ओचा सावरत मागे चढल्या तसा तो म्हणाला, "आजीबाई, या वेळी मागे कोणी बसायचं नाही."

"माही सून परक्या माणसासंगं एकटी बसत नाही गा, साहेब. तुही बायको बसन काय?"

इन्स्पेक्टर पुढे बसला. मी वळसा घेतला. खुंटी फिरवली, हात बाहेर आला नाही. मागून खांबावर दणका बसला, हात आला. इन्स्पेक्टर दचकला. "तो तसाच हाये," सासूबाई म्हणाल्या, "मारल्याबिगर आयकत नाही." मग तो म्हणाला, "दिवे लावा." आवाजात या वेळी जरा भीती होती, आणि त्याने स्वतःच स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला बोटं टेकवून ठेवली.

मी बटण ओढलं. उजेड पडला. माझा उजवा हात स्टीअरिंगवरच राहिला. मागे बांगड्या वाजल्या आणि सासूबाई "शुभं करोति" पुटपुटू लागल्या. समोरून एक टांगा आला. टांगेवाला वयाने मोठा होता की लहान, ते न बघता मी डाव्या पायाने झोत खाली केला. टांगा गेला, झोत वर. इन्स्पेक्टरने हळूच बोटं काढून घेतली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं उमरेडला गेलो. परतताना दिघोरीच्या अलीकडे दिवस मावळला. यांनी गाडी थांबवली, हे उतरून पलीकडे माझ्या जागेवर बसले, मी स्टीअरिंगवर आले. मागे लुगड्यांच्या गठ्ठ्यांत सासूबाई होत्या. मी दिवे लावले, त्यांनी हात जोडले.

"तुले दिसून राहिलं न?" यांनी विचारलं.

"दिसून राहिलं."

"सगळं?"

"म्हैससुद्धा."

गल्लीच्या तोंडाशी तो दुकानदार उभा होता. त्याने हात वर करून विचारलं, "भाऊ, आता वहिनी चालवून राहिल्या? पाय अजून दुखते काय?"

"हाव," हे म्हणाले, "फार दुखते."

तो पाय मग कायमचा दुखतच राहिला. व्यापाऱ्यांना तो पुरला. सासूबाई पुढेही प्रत्येक फेरीला मागे बसल्या. नमस्काराला कोणी तरी पाहिजेच, असं त्या म्हणत. मला तेव्हा वाटे, केवढी श्रद्धा. उमरेडच्या बाजारात त्यांच्या बहिणीचं घर होतं आणि तिथे दर वेळी गरम भजी तळली जात, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.