सुकाणूवर घातलेलं नाव

मी घरच्या घरी विमान बांधायला घेतलं, तेव्हा मला वेडा ठरवण्याचा पहिला मान आबांनी मिळवला. आबा म्हणजे माझे वडील. मी बुऱ्हाणपुरात पोरांना भौतिकशास्त्र शिकवतो. शिकवून शिकवूनच माझं डोकं फिरलं, असं ते आमच्या गावात, बहादरपूरभर सांगायचे. तरी केळीच्या बागेजवळचं गोदाम त्यांनी मला दिलं, पण अट घालून. विमानांच्या कामातून निवृत्त झालेले एक मेकॅनिक माझा पहिला भाग तपासायला येणार होते. "त्यांनी नापास केलं का गोदाम खाली करायचं. ठिबकचे पाइप उन्हात पडले माझे," आबा म्हणाले.

पहिला भाग म्हणजे शेपटावरचं सुकाणू, कपाटाच्या दाराएवढं. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आणि त्याचे लाड नव्या जावयासारखे. घडी करकचून घालायची नाही, गोलाईत वळवायची, नाहीतर चीर पडते. ओरखडा तर अजिबात चालत नाही. उडताना पत्रा थरथरतो आणि त्या ओरखड्यातूनच फाटत जातो. खूण करायला खिळा नको, पेन्सिलही नको, फक्त मार्कर.

पहिला पत्रा मी शहरातल्या इतवारा बाजारात, धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्या कारागिराकडे नेला होता. त्याने सवयीने खिळ्याने रेघ ओढली, ठोकून काटकोन केला आणि म्हणाला, "देखो सर, एकदम कडक!" मी इतका भडकलो की बिचाऱ्याने माझ्यासाठी पाणी मागवलं.

मग सगळं मीच केलं. चार महिने ठोकाठोकी चालली. आबा दारातून विचारायचे, "डबा झाला का तुझा?" आणि मी ओरडायचो, "हात लावू नका!" का लावू नका, हे सांगायचे कष्ट मी घेतले नाहीत. पोटापाण्यासाठी दिवसभर समजावून सांगणारा माणूस घरी समजावत नाही.

मेकॅनिक रविवारी यायचे होते. शनिवारी कॉलेजातून येऊन पाहतो, तर सुकाणू गायब. एवढ्यात रिक्षा थांबली आणि चादरीत गुंडाळलेलं काहीतरी मांडीवर सांभाळत आबा उतरले. बुधवारा बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात जाऊन आले होते. आमच्याकडे नाव घातल्याशिवाय वाटीसुद्धा घरात येत नाही.

"इतके लोक येतात पाहायले. कोणी उचलून नेलं म्हणजे?"

त्यांनी चादर काढली. पत्र्याच्या मधोमध, टिंबाटिंबांनी कोरलेलं माझं नाव, गावाचं नाव, आणि खाली: वडिलांकडून सप्रेम भेट.

आबांना मिठी मारावीशी वाटली. आणि त्याच वेळी ते सुकाणू त्यांच्याच डोक्यात घालावंसंही वाटत होतं.

रविवारी मेकॅनिकांनी सगळ्या घड्या पाहिल्या, रिव्हेट पाहिले, टिंबांवरून बोट फिरवत मजकूर शेवटपर्यंत वाचला. "काम उत्तम आहे," ते म्हणाले, "पण हे उडवता येणार नाही."

"का बरं?" आबांनी विचारलं. मग मी पहिल्यांदाच त्यांना नीट समजावून सांगितलं. ते बाहेर जाऊन पाइपांच्या ढिगावर बसले. बऱ्याच वेळाने आत आले.

"पाइप राहू दे बाहेर. त्याहिले काय होते?"

नापास सुकाणू त्यांनी बैठकीच्या भिंतीवर लावलं. आल्यागेल्याला ते दाखवत असत. नापासाचं मात्र सांगत नसत. दुसरं करायला मला दोन महिने लागले. ते झालं त्या दिवशी आबा हात पाठीमागे बांधून लांब उभे राहिले.

"याच्यावर नाव नाही?"

मी मार्कर त्यांच्या हातात दिला. एकेक अक्षर पुटपुटत त्यांनी माझं नाव लिहिलं, गावाचं लिहिलं आणि थांबले.

"भेट लिहू का? पत्रा तर तुझा आहे."

"लिहा आबा," मी म्हणालो, "गोदाम तुमचं आहे."