कमलमावशीने केलेली खूण

दुपारी एक ते साडेतीन आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कुणी मोठ्याने बोलत नसे. कमलमावशीचा तसा हुकूम होता. तिच्या पाळणाघरात तेव्हा मुलं झोपलेली असत. बरोबर एकला ती दाराच्या घंटीवर चिकटपट्टी लावी आणि साडेतीनला काढी. पोस्टमन पत्रं दाराखालून सरकवी, गॅसवाला सिलिंडर तान्ह्या मुलासारखा खाली ठेवी. तारोडीहून मासे घेऊन येणारी बाई तर नवघर रोडच्या टोकापासून ऐकू येणारी, पण मावशीच्या खिडकीखाली आली की तीही मुकी होई. ती बांगडा उचलून दाखवी, मावशी गजांतून बोटं दाखवी, ती मान हलवी, मावशी एक बोट वाढवी. एकदा मावशीने भाव इतका पाडला की त्या बाईच्या तोंडून निघालंच, "न्हाय परवडत, बाय!" आतून एक मूल रडलं. मावशी ते कडेवर घेऊन खिडकीत आली आणि कुजबुजली, "घे, आता ह्याला तू निजव." बाई म्हणाली, "दे इकडं. चार निजवलीत मी. पन बांगड्याचा भाव तोच ऱ्हाईल."

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. मूळची लांज्याकडची. यजमान गेल्यावर तिने भाईंदरच्या त्या वन रूम किचनमध्ये पाळणाघर काढलं. मुलगा दिनेश कुरिअर कंपनीत होता. मी त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होते. मुलं येत ती स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत, दुकानांत, ऑफिसांत काम करणाऱ्या बायकांची. मावशी म्हणे, "आईला कामावर मुलाची आठवण यावी, काळजी येऊ नये." आणि दुसरं तिचं ठरलेलं वाक्य, "झोपलेलं मूल आणि शिजणारा भात, मधेच उघडून बघू नये."

मला व्यवस्थेची आवड. मी तिला वेळापत्रक करून दिलं, औषधांचा कप्पा वेगळा केला, प्रत्येकाच्या बाटलीवर, वाटीवर, दुपट्यावर नाव घालायला जाड मार्कर आणून दिले. "शैले, तुझं चाललं तर तू माझ्या कपाळावरपण नाव लिहिशील," ती म्हणाली. पण पद्धत तिला पटली. बाटल्या उकळल्याशिवाय ती वापरत नसे. कुणाचं अंग जरा कोमट लागलं की आईच्या कारखान्यात फोन जाई. ती निष्काळजी असती तर पुढचं सांगायला सोपं गेलं असतं. तशी ती नव्हती, म्हणूनच सांगताना मान खाली जाते.

त्या काळात पोलिओचे रविवार वरचेवर येत. रविवारी शाळेत बूथ लागे. डोस पाजला की मुलाच्या डाव्या करंगळीवर मार्करने खूण करत. सोमवारपासून लसीचा डबा घेतलेल्या मुली घरोघर फिरत आणि ज्याच्या करंगळीवर खूण नाही त्याला पाजत. आमच्या इमारतीची पाळी येई ती नेमकी दोन वाजता.

पहिल्यांदा आल्या तेव्हा एका मुलाला उठवलं आणि सगळी खोली उठली. चार वाजेपर्यंत कुणी कुणाला ऐकेना. दुसऱ्या फेरीला मावशीने दारातच थांबवलं. "बाळा, तुझं काम चांगलं आहे गो. तुझी वेळ वाईट आहे. साडेतीनला ये."

"आजी, साडेतीनला आम्ही पार मोरव्याच्या बाजूला असतो. चारला रिपोर्ट द्यायचाय."

मग तोड निघाली. ज्यांच्या बोटावर खूण दिसेल त्यांना उठवायचं नाही. बहुतेक मुलांना त्यांच्या आयांनी रविवारी नेलेलंच असे. पण आंघोळीने, तेलाने, अंगठा चोखण्याने खुणा पुसट होत. त्या पुसट खुणा मावशीने आमच्या मार्करने गडद केल्या. सुरुवात एवढीच होती. त्यात खोटं काही नव्हतं. पुढच्या फेरीला दोन मुलांच्या बोटांवर काहीच नव्हतं. हात मार्करसकट पुढे आलेलाच होता. तिने तिथेही एकेक रेघ ओढली.

संध्याकाळी मला सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. "सगळ्यांचे डावे हात पांघरुणाबाहेर काढून ठेवले. ओळीने. जसे काही मतदान करून येऊन झोपलेत! ती पोरगी चवड्यांवर आत आली, करंगळ्या बघितल्या, दारावर खडूने लिहिलं नि गेली. एक पापणी हलली नाही."

मीही हसले. "आणि त्या दोघांचं काय?"

"अगो, कितीदा पाजतात! एक चुकला तर आभाळ कोसळतंय?"

त्याच सुमाराला वैशाली आली. मागच्या चाळीत राहायची, कारखान्यात भांडी पॅक करायची. सुट्टी गुरुवारी. बाळंतपण महाडकडे माहेरी, घरीच झालेलं. ओमी सहा महिन्यांचा झाल्यावर ती त्याला घेऊन आली. पहिल्या दिवशीच तिने मावशीला सांगितलं होतं, "आजी, ह्याचे डोस राहिलेत. सुट्टी मिळाली की घेऊन जाते."

ओमी मावशीचा लाडका. तिच्या मांडीशिवाय त्याला झोप येत नसे. पुढच्या फेरीच्या सोमवारी तोही ओळीत झोपला होता आणि त्याच्या करंगळीवरही रेघ होती. संध्याकाळी वैशाली न्यायला आली, तिने बोट बघितलं.

"अगं बाई, पाजला पण? बरं झालं आजी. मला खाडा करायला लागला असता."

मावशी म्हणाली, "हं."

एवढंच. त्या वेळी दारात चार आया उभ्या होत्या, एका मुलीची चप्पल सापडत नव्हती. उद्या सांगू, असं तिला वाटलं. उद्या राहून गेलं. महिन्याभराने पुन्हा फेरी आली आणि पुन्हा तेच झालं. आता सांगायचं तर मागचंही सांगावं लागणार होतं.

ओमीला ताप आला, जुलाब झाले. दोन दिवसांत ताप उतरला. तो खिडकीचा गज धरून उभा राहायला शिकला होता. त्या सकाळी मावशीने त्याला गजाशी उभं केलं आणि त्याचा डावा पाय ओल्या फडक्यासारखा खाली दुमडला. तिने पुन्हा उभं केलं. पुन्हा तेच. ती तशीच त्याला उचलून अनवाणी डॉक्टरकडे पळाली.

पुढे मोठं हॉस्पिटल, तपासण्या, आणि काही आठवड्यांनी उत्तर आलं. पोलिओच. आरोग्य विभागाच्या एक डॉक्टरबाई इमारतीत आल्या. त्यांनी समजावलं की विषाणूचा हा प्रकार जाणाऱ्या-येणाऱ्यांबरोबर उत्तरेकडून आलाय. तो झपाट्याने पसरतो आणि पसरताना दिसत नाही. कितीतरी मुलांच्या पोटातून काही न करता निघून जातो. डोस न घेतलेलं मूल सापडलं की एखाद्याच्या पायावर येतो. म्हणून पाच वर्षांच्या आतल्या प्रत्येक मुलाला पुन्हा पाजायचं.

पण त्यांना वैशाली सांगत होती, "माझ्या मुलाचे दोनदा झालेत. बोटावर खूण होती, मी ह्या डोळ्यांनी बघितली." तिचं खोटं नव्हतं. त्यांनी तसं लिहून घेतलं. आणि ते वाक्य चाळीतून, नळावरून, वाण्याच्या दुकानातून विषाणूच्या आधी सगळीकडे पोहोचलं. डोस घेऊनही झाला. "घेऊन होतोय तर घ्यायचा कशाला?" "डोसानेच झाला असेल." जादा फेरीच्या दिवशी त्या मुलींसमोर दारं लागायला लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने तर डबा हातातून हिसकावून जिन्यात ठेवला.

त्या संध्याकाळी मावशीने दिनेशला आणि मला बसवलं आणि सगळं सांगितलं. दिनेशने उठून दार लावलं. "आई, एक शब्द बोलायचा नाहीस. पोलिसांत देतील तुला. पाळणाघर बंद होईल. आपण खायचं काय?"

मी माझ्या स्वभावाप्रमाणे मुद्दा शोधला. "मावशी, डॉक्टरबाईच म्हणाल्या ना, एक-दोन डोस पुरतातच असं नाही. घेतला असता तरी झाला असता कदाचित."

"माझ्यासाठी पळवाट शोधू नकोस गो," ती म्हणाली. "ओमीचं मी काय करायचं ते करून बसले. पण ही सगळी दारं माझ्या रेघेने बंद झालीत. मी गप्प बसले आणि ह्यातल्या कुणाचा पाय गेला, तर तो काय मी झोपेत घालवला म्हणू?"

आधी ती वैशालीकडे गेली. मी बरोबर होते. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात वैशाली ओमीचा पाय शेकत बसली होती. मावशी बाकावर बसली नाही. उभ्याने बोलली. वैशालीने सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. ओमीच्या पायावरचं फडकं बदललं आणि म्हणाली, "आजी, तुम्ही फक्त नाही म्हणायचं होतं. मी त्याच पावली घेऊन गेले असते."

मावशीने तिच्या पायाशी हात नेले. वैशालीने पाय मागे घेतले. "नको. तुम्ही जा."

दुसऱ्या दिवशी आवारात डॉक्टरबाईंनी बायकांना जमवलं होतं. कुणी ऐकत नव्हतं. मावशी पायरीवर उभी राहिली. एरवी कुजबुजणाऱ्या बाईचा आवाज इतका मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं.

"डोस खोटा नाही. खूण खोटी होती. ओमीच्या पोटात एक थेंब गेलेला नाही. खूण मी केली, माझी झोपलेली पोरं उठू नयेत म्हणून."

 एकदम गलका झाला. बायका आपापल्या मुलांचे हात धरून करंगळ्या बघायला लागल्या.

"माझ्या पिंकीची कुणी केली? बोल! खरी का तुझी?"

"पैसे घेते आणि वर पोरांना लंगडं करते!"

"आजी कसली, कैदाशीण आहे ही!"

दिनेश आत निघून गेला. मी तिच्या मागे उभी होते आणि खरं सांगते, मला तिचीच लाज वाटत होती. ती काय बोलली त्याची नाही. सगळ्यांसमोर बोलली, आणि मी तिची भाची आहे हे सगळ्यांना माहीत होतं, त्याची. कुणीतरी तिच्या अंगावर चप्पल भिरकावली. ती हलली नाही. एकेकीला उत्तर देत राहिली, "पिंकीची खरी, तू रविवारी नेली होतीस. सोहमची माझी. त्याला आज पाजून घे." तासाभराने बायका तिला शिव्या देत देत मुलांना घेऊन शाळेतल्या बूथच्या दिशेने निघाल्या. विश्वासाने नव्हे, रागाने. पण निघाल्या.

आठवड्यात पाळणाघर रिकामं झालं. पोलिसांत कुणी गेलं नाही. डॉक्टरबाईंनी तिला खोलीत बसवून जे सुनावलं ते मात्र तिने मला कधी सांगितलं नाही. दिनेश वर्षभर तिच्याशी कामापुरतं बोलला. ती पोळ्या करून देऊन स्वतःचं भागवू लागली.

मग एका फेरीच्या वेळी त्या डबेवाल्या मुलीच तिला बोलवायला आल्या. एक दार उघडत नव्हतं. मावशी गेली. दाराआडून एका बाईने विचारलं, "आंटी, तुम वही हो ना, झूठा निशान वाली?"

"हां, मैं वहीच है," मावशी तिच्या हिंदीत म्हणाली. "मेरे वजह से एक बच्चे का पाँव गया. तुम्हारे को और कुछ पूछने का है तो पूछो. मैं खडी है."

त्या दारातलं मूल बाहेर आलं. तेव्हापासून प्रत्येक फेरीला, जिथे दार लागे, तिथे मावशीला नेत. काही जण तिला बघायलाच दार उघडत. "बघायला येतात तर येऊ देत," ती म्हणे. "पोर कडेवर असलं म्हणजे झालं." मी एकदा म्हटलं, मावशी, आता पुरे, किती वेळा तेच सांगशील? ती म्हणाली, "तुला ऐकून कंटाळा आला. त्यांनी पहिल्यांदाच ऐकलंय."

वैशालीकडे ती पुन्हा गेली नाही. ओमीच्या खर्चासाठी माझ्या हाती तिने काही पाठवलं, ते वैशालीने न उघडता परत दिलं. पुढे वैशाली वसईला राहायला गेली. ओमी लोखंडी पट्टीचा बूट घालून शाळेत जातो, एवढं कळलं होतं.

मावशीच्या शेवटच्या आजारात मी तिच्याजवळ असे. तिचं पोट पाण्याने भरलेलं, बोलताना धाप लागायची. मी वसईहून वैशालीचा नंबर मिळवला होता. एका दुपारी तिला म्हटलं, "मावशी, वैशालीला बोलावू का? येईल ती."

"येईल," मावशी म्हणाली. "चांगली बाई आहे. माझी ही दशा बघून म्हणेलपण, जाऊ दे आजी." तिने श्वास घेतला. "मला बरं वाटेल गो. पण घरी जाऊन ओमीच्या पायातला बूट तिलाच काढायचाय ना? मग मला बरं वाटावं म्हणून तिने खाडा कशाला करायचा?"

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी फोन पर्समध्ये ठेवला. मावशी त्याच आठवड्यात गेली. वैशालीला आम्ही कळवलं नाही.