शैलाताईंचा कारणाचा रकाना

केतकीचा फोन आला तेव्हा मी गुरुग्रामच्या एका वळणावर टॅक्सीत अडकलो होतो. "मामा, आई गेली," ती म्हणाली. "सकाळी, चहा घेताना. बिल्कुल शांत." आणि मी, साठी उलटलेला शहाणा माणूस, तिला काय विचारावं? "चहा पूर्ण घेतला होता का?" केतकी म्हणाली, "अर्धा... मामा, आईनेही हेच विचारलं असतं."

ते खरंच. हा रोग मला केतकीच्या आईकडूनच, म्हणजे कचेरीतल्या माझ्या जुन्या सहकारी शैला प्रधान यांच्याकडूनच लागला.

नवव्या दिवशी कचेरीतून एक मेल आलं. आमची कंपनी संगणकावर दरोडे घालणाऱ्यांची माहिती जमवते. कुठल्या इंटरनेट-पत्त्यावरून कोणी काय उचापत केली, हे नोंदवायचं आणि गिऱ्हाइकांना सावध करायचं, हा धंदा. मी तिथे आता नावापुरता सल्लागार, म्हणजे जुन्या लोणच्याच्या बरणीसारखा, फेकवत नाही म्हणून ठेवलेला. मेलमध्ये लिहिलं होतं की अगदी सुरुवातीच्या वर्षांतल्या नोंदी शिळ्या झाल्यात, त्या कायमच्या काढून टाकतोय, हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत कळवा. त्या नोंदी जवळजवळ सगळ्या शैलाताईंच्या. माणूस जाऊन नऊ दिवस होतात आणि त्याचं अक्षरही पुसायला माणसं निघतात... 'हरकत आहे' एवढं मी लगेच टाइप केलं. पण पाठवलं नाही, कारण पुढे कारण लिहावं लागणार होतं.

शैलाताई मूळच्या ग्रंथपाल. एका सरकारी खात्याच्या ग्रंथालयात वीस-बावीस वर्षं पुस्तकांची कार्डं लिहिलेली बाई गुडगावात आमच्याकडे आली, तेव्हा तिथे काचेची एक इमारत, सरसोंचं शेत आणि डुकरं एवढंच होतं. यातली डुकरं संख्येने जास्त आणि वागायला बरी. करोलबागेहून निघणाऱ्या चार्टर्ड बसमध्ये आम्ही दोघंच मराठी. पहिल्याच आठवड्यात मी बसमध्ये रंगवून सांगितलं की अरावलीच्या वळणावर आज बिबट्या आमच्या बसबरोबर धावत होता, ड्रायव्हरला डोळासुद्धा मारला. सगळी बस हसली. शैलाताईंनी पर्समधून वही काढली आणि शांतपणे विचारलं, "मुकुंदा, पाहिलं, ऐकलं, की वाटलं?"

हेच तीन शब्द त्यांनी आमच्या संगणकात घुसवले. त्याआधी आम्ही नुसता पत्ता लिहायचो आणि पुढे 'खराब'. सहा महिन्यांनी कोणी विचारलं की का खराब, तर सगळे छताकडे बघायचे. शैलाताईंनी प्रत्येक पत्त्यापुढे कारणाचा रकाना घातला. कोणी कळवलं, सोबत आणखी काय आलं, किती वाजता, आणि ही माहिती पाहिलेली, ऐकलेली, की नुसती वाटलेली. तो रकाना भरल्याशिवाय नोंद जतनच व्हायची नाही. आमचे मालक चड्ढासाहेब वैतागले. "प्रधान मॅडम, ये लायब्ररी नहीं है." त्यावर बाई म्हणाल्या, "इसी लिए तो यहाँ कुछ मिलता नहीं, सर."

आणि मिळायला लागलं. नोएडाच्या एका गिऱ्हाइकाकडे शनिवारी दुपारी कोणीतरी घुसलं आणि एक फाईल मागे सोडून गेलं. आम्ही चौघं विद्वान त्याचा पत्ता शोधून शोधून थकलो, तो कुठेच नाही. शैलाताईंनी पत्ता शोधलाच नाही. त्यांनी रकान्यात 'शनिवार, जेवणानंतर' एवढं शोधलं, आणि तीन निराळे पत्ते वर आले. तीन वेगळ्या कचेऱ्या, तिन्ही अर्ध्या दिवसाने रिकाम्या झालेल्या, आणि तिन्हीकडे त्याच नावाची फाईल. "घर बदलतो, सवय नाही बदलत," त्या म्हणाल्या आणि डबा उघडला. हा किस्सा मी पुढे लग्नसमारंभांतून सांगितला, त्यात पत्त्यांची संख्या हळूहळू चाळीसवर गेली. शैलाताई समोर असल्या की मी तीनच सांगायचो.

आता माझं पाप. एका संध्याकाळी फरीदाबादच्या कारखान्याची तक्रार आली की एक पत्ता त्यांच्या मेलवर सारखा धडका मारतोय. नोंद करायची होती आणि खाली बस उभी होती. कारणाचा रकाना अडून बसला. तेव्हा मी माझ्या प्रतिभेला हाक मारली आणि लिहिलं: 'आंतरराष्ट्रीय टोळी, याआधी तीन बँकांवर हल्ला. पाहिलं.' रकाना खूश, मी खूश, खिडकीची जागाही मिळाली.

दहा-बारा दिवसांनी हातात हेल्मेट घेऊन एक सरदारजी कचेरीत आले. गुरमीतसिंग, नोएडातल्या एका सेक्टरच्या मार्केटमध्ये सायबर कॅफे चालवणारे. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "जी, मेरे यहाँ से बच्चे नौकरी की अर्ज़ी भेजते हैं. बारह दिन से किसी कंपनी में पहुँचती ही नहीं. मैंने क्या किया है?" आमच्या यादीवरून सगळ्या गिऱ्हाइकांनी त्यांचा पत्ता बंद केला होता.

शैलाताईंनी त्यांना पाणी दिलं, बसवलं, आणि रकान्यात 'तीन बँका' शोधलं. सबंध भांडारात ती टोळी एकाच ठिकाणी होती, माझ्या नोंदीत. त्यांनी मला जिन्यात बोलावलं.

"कुठल्या तीन बँका, मुकुंदा?"

"तीन म्हणजे... साधारण तीन."

"नोंद पाच छत्तीसची आहे. बस पाच चाळीसची होती ना?"

मी बिबट्यासमोर उभा राहिलो असतो तरी एवढा घाम फुटला नसता. नवी नोकरी, नवं लग्न, फरीदाबादला नुकतंच घेतलेलं भाड्याचं घर. मी म्हटलं, "ताई, तुम्हीच दुरुस्त करून टाका ना. चड्ढासाहेबांना कशाला कळायला हवं?"

"करते की. पण दुरुस्तीचंही कारण लिहावं लागतं, आणि मला तुझ्यासारखं सुचत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "तो माणूस आत बसलाय. तूच लिही."

मी लिहिलं: 'आधीचं कारण मी मनाने रचलं होतं.' उभ्या आयुष्यात माझं एवढं छोटं वाक्य कोणी पाहिलेलं नाही. चड्ढासाहेबांनी मला ज्या पंजाबीत झाडलं ती इथे छापता येणार नाही. नोकरी राहिली. रविवारी नोएडाला जाऊन कॅफेतली आठही यंत्रं तपासायची शिक्षा मिळाली. आठांतलं एकच यंत्र व्हायरसने आजारी होतं, गुरमीतसिंगांना पत्ताही नव्हता. त्यांनी मला मुळ्याचे पराठे खाऊ घातले, ते गिळताना फार जड गेले.

त्यानंतरच शैलाताईंनी चड्ढासाहेबांकडे हट्ट धरला की प्रत्येक नोंदीला मुदत घाला. "पत्ता म्हणजे भाड्याचं घर, सर. चोर राहून गेला म्हणून पुढच्या भाडेकरूला किती वर्षं चौकीत बसवायचं?" साहेबांनी ऐकलं नाही. यादी जेवढी लांब तेवढं गिऱ्हाईक दबतं, हा त्यांचा हिशेब.

गेल्या हिवाळ्यात मी शैलाताईंच्या नोएडाच्या घरी शेवटचा गेलो. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या होत्या: 'धने. नणंदेने आणलेले. खमंग नाहीत, पण आहेत.' मी हसलो तर म्हणाल्या, "नुसतं धने लिहून काय कळतं रे?"

...तर शुक्रवार आला. 'हरकत आहे' पाठवण्याआधी म्हटलं, एकदा वाचून तरी घेऊ. शोधात त्यांची आद्याक्षरं टाकली आणि पानांवर पानं उलगडली. 'कळवणारा घाबरलेला होता, वेळ चुकीची सांगत असावा.' 'दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा वाटलं.' वाचता वाचता सहज, निव्वळ कुतूहलाने, त्या शनिवारवाल्या चोराचा पहिला पत्ता आज कोणाकडे आहे ते बघितलं. तो फरीदाबादच्या एका डोळ्यांच्या दवाखान्याकडे निघाला. मी फोन केला. तिथली बाई म्हणाली, "हाँ जी, कुछ कंपनियों में हमारी रिपोर्ट जाती ही नहीं. पता नहीं क्यों."

मला पता होतं.

मी उत्तर लिहायला घेतलं. पहिला मसुदा 'सायबर सुरक्षेच्या सुवर्णयुगाच्या साक्षीदार असलेल्या या नोंदी' असा सुरू झाला, तो खोडला. मग लिहिलं, 'हरकत नाही. कारण: या पत्त्यांवर आता दुसरी माणसं राहतात. मी एकेक पत्ता तपासला आहे.' बोट पाठवायच्या बटणावर होतं. तपासले होते अकरा. शेवटचं वाक्य खोडून लिहिलं, 'अकरा तपासले. ते आजच काढा. बाकीचे तपासून कळवतो, तोवर थांबा.'

ते थांबले आहेत. शैलाताईंची नोंद मी आधी पूर्ण वाचतो, मग तिथे आता कोण राहतं ते शोधतो, कारण लिहितो आणि त्यांची नोंद, माझं कारण, दोन्ही जाऊ देतो. काल एक शिवणक्लास निघाला, परवा एक मंगल कार्यालय. अजून पुष्कळ उरलेत. किती ते मोजलेले नाहीत, म्हणून सांगत नाही. हल्ली मी कचेरीत अर्धा तास लवकर जातो.