चौघांपैकी कोणी पाहिलं?

नोकरी संपून काही वर्षं झाली. बहुतेक प्रकरणांतला राग मी ठाण्यातच सोडून आलो. एका प्रकरणातला मात्र अजून तसाच आहे, आणि त्यातला बराचसा माझ्या स्वतःवरचा आहे. म्हणून हे लिहितो. नाव कुणाचंच लिहिणार नाही, गावाचंही नाही.

परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी होतो, हुद्दा सहायक पोलीस निरीक्षक. हद्दीत आठवडी बाजाराचं एक मोठं गाव होतं. बुधवारी सकाळी हजेरी नुकतीच आटोपली होती, तेव्हा त्या गावची आशा कार्यकर्ती ठाण्यात आली. ठाणे अंमलदाराने तिला तासभर बाकावर बसवून ठेवलं आणि मग माझ्याकडे पाठवलं.

तिने सांगितलं ते असं. गावातल्या मुस्लिम मोहल्ल्यात एक बाई शिवणकाम करून राहते. नवरा पुण्याला बेकरीत कामाला, मुलगी दहावीत. सोमवारी शिलाई मशीन दुरुस्त करणारा एक माणूस घरी आला असताना चार जणांनी दोघांना धरलं. माणसाला मारून हाकलून दिलं. बाईला व्यभिचाराची सजा म्हणून तिच्याच घरात, पिठाच्या गिरणीच्या तुटक्या पट्ट्याने मारलं. चौघांत तिचा थोरला दीर होता.

मी बीट जमादाराला गावात पाठवलं. तो पोहोचायच्या आत एका स्थानिक पुढाऱ्याचा फोन आला की साहेब, हा त्यांच्या धर्मातला मामला आहे, हात घालाल तर मोर्चा येईल. संध्याकाळी जमादार परतला. बाई काही बोलत नाही, घरच्यांनी मिटवलंय, असं म्हणाला. मी स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावली: कौटुंबिक वाद, संबंधितांना समज दिली.

ही नोंद मी पुढाऱ्याच्या धाकाने घेतली असती तर एक वेळ स्वतःला माफ केलं असतं. पण त्या दिवशी माझ्या मनात असं होतं की त्यांच्या धर्मात अशी सजा असेलच, आपण कशाला पडा. त्या कायद्याचं एक पानही मी वाचलेलं नव्हतं. आणि मी बौद्ध घरातला माणूस. माझ्या आजोबांना गावाने चावडीपुढे उभं करून मारल्याची हकिगत मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. चार माणसं जमून न्याय करतात तेव्हा काय होतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही मी ती नोंद घेऊ दिली.

शुक्रवारी आशाताई पुन्हा आली. या वेळी ती बाकावर बसली नाही, सरळ माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, कपडा चिकटलाय तिच्या पाठीला. हात लावू देईना. आन् उरलेले फटके रविवारी द्यायचेत म्हणं."

उरलेले म्हणजे काय, असं मी विचारलं. तेव्हा कळलं की शंभर ठरले होते. सदतिसाव्याला बाई बेशुद्ध पडली, म्हणून थांबले.

मी महिला पोलीस शिपाई आणि आशाताईला जीपमध्ये घेऊन निघालो. बाई खोलीत पालथी पडली होती. मुलगी उशाशी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होती. कोपऱ्यात शिलाई मशीन, त्यावर कुणाचा तरी अर्धा शिवलेला परकर. मी दारातच थांबलो, आत महिला शिपाई गेली. पाठ पाहून ती पोरगी बाहेर आली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिची नोकरी जेमतेम दोन वर्षांची होती.

फिर्याद द्यायला बाई तयार होईना. अल्लाचा हुकूम आहे असं ते म्हणाले, मग मी कुणाविरुद्ध बोलू, असं तिचं म्हणणं होतं. तू काही गुन्हा केलास का, असं मी सरळ विचारलं. ती म्हणाली, "मी हसले होते साहेब. त्यो काय तर बोलला, मला हसू आलं."

एवढंच. त्या हसण्याबद्दल आपल्याला मारलं असावं, अशी तिची समजूत होती.

तिला जिल्हा रुग्णालयात हलवलं, वैद्यकीय तपासणी करून घेतली. फिर्याद मिळेना, म्हणून सरकारतर्फे फिर्याद देऊन गुन्हा दाखल केला. घरझडतीत दिराच्या माळ्यावर पट्टा सापडला, तो पंचांसमक्ष जप्त केला. चौघांना ठाण्यात आणलं: थोरला दीर, एक वेल्डिंग दुकानदार, एक टेम्पोवाला आणि एक किराणा दुकानदार.

आरोपी ठाण्यात आला की त्याचा चेहरा उतरतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. हे चौघे मात्र पाहुणे आल्यासारखे बसले होते. वेल्डिंगवाला बोलका होता. शरियतची सजा दिली, आम्ही चौघांनी डोळ्यांनी पाहिलंय, आणि चार साक्षीदार लागतात ते आम्ही आहोत, असं तो मला समजावून सांगत होता. व्यभिचार हा आपल्या देशाच्या फौजदारी कायद्यात आता गुन्हाच नाही, आणि होता तेव्हाही बाईला सजा नव्हती, हे मी सांगितल्यावर तो हसला. "तो तुमचा कायदा," म्हणाला. मी हात मागे बांधून ठेवले, नाहीतर त्या दिवशी मीच आरोपी झालो असतो.

त्याच दिवशी दुपारी एक म्हातारे गृहस्थ ठाण्यात आले. उर्दू शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले शिक्षक. गाव त्यांना मास्तर म्हणत असे. त्यांचे वडील निजामाच्या अमदानीत काझीच्या कचेरीत होते आणि घरात फिकहच्या, म्हणजे धार्मिक कायद्याच्या, ग्रंथांचं कपाट होतं. चौघांची रदबदली करायला आले असतील असं समजून मी त्यांना बसाही म्हटलं नाही.

"मी त्यांच्यासाठी आलो नाही," ते म्हणाले. पुढे बोलायला लागले तेव्हा कळलं की ते त्या चौघांवरच संतापलेले आहेत.

मग मी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं की अशी सजा तुमच्याकडे आहे की नाही.

आहे, ते म्हणाले. लपवण्यासारखं काही नाही. लग्न न झालेल्याला शंभर फटके. लग्न झालेल्याला त्याहून जबर, मरणाची, असं जुन्या धर्मशास्त्र्यांनी लिहून ठेवलंय. कारण घर त्यावर उभं असतं. मूल कुणाचं, वारस कोण, नवरा-बायकोचा एकमेकांवरचा भरवसा, सगळं त्यात येतं.

"पण साहेब, खुनाला दोन साक्षीदार पुरतात. याला चार लागतात. का, याचा कुणी विचार केला का?"

मी नाही म्हणालो. मग त्यांनी वर्गात शिकवावं तसं सांगितलं. चौघे सचोटीचे हवेत. चौघांनी प्रत्यक्ष कृत्य पाहिलेलं हवं, सुरमादाणीत सलाई, म्हणजे सुरम्याची काडी, जाताना दिसते इतकं स्पष्ट. बंद दार पाहिलं, हसणं ऐकलं, हे चालत नाही. दुसऱ्याच्या घरात डोकावून पाहिलं तर तो पाहणाऱ्याचाच गुनाह. जरा शंका निघाली की सजा टळते. आणि सजा देणार ती हुकूमत, तिने नेमलेला काझी. गल्लीतल्या माणसाला तो अधिकारच नाही.

"मग अशी चार माणसं मिळणार कुठे?" मी विचारलं.

"मिळूच नयेत, हाच हेतू. कुणी भर चौकात लाज सोडली तर गोष्ट वेगळी. बाकीच्यांच्या चुकीवर पांघरूण घाला, असं शिकवलंय. सजा भीतीसाठी मोठी ठेवली आणि तिथं पोहोचायचा रस्ता अरुंद ठेवला. आणि जो बाईवर आळ घेईल आणि चार साक्षीदार आणणार नाही, त्याच्या पाठीवर ऐंशी फटके. त्या शंभरापेक्षा वीसच कमी."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की पुस्तकात असो वा नसो, माणसाला फटके मारणं मला मान्य नाही आणि या टेबलावर देशाचाच कायदा चालेल. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. "तुमचा कायदा तुम्ही चालवा," ते म्हणाले. "ते चौघे माझ्या धर्माच्या नावावर खोटं बोलतायत, एवढं सांगायला मी आलो."

मास्तर आशाताईबरोबर रुग्णालयात गेले, मीही गेलो. बाईने डोक्यावर पदर ओढला आणि पहिलाच प्रश्न विचारला तो हा, की उरलेले त्रेसष्ट घेतले नाहीत तर मेल्यावर त्याचा जाब द्यावा लागेल का. वाक्य संपेपर्यंत मास्तरांचे डोळे भरले होते. ते पलंगाजवळ खाली, फरशीवर बसले.

"बेटी, तुझ्याकडे एकही बाकी नाही. जाब त्यांना द्यायचाय. त्यांनी सदतीस वेळा गुनाह केला."

दुसऱ्या दिवशी तिने जबाब दिला. पंधरा पानं झाली. त्यातच मुलीची गोष्ट आली. दहावीतल्या त्या मुलीचं लग्न वेल्डिंगवाल्याच्या पुतण्याशी लावायचं दिराने ठरवलं होतं. आईने नकार दिला आणि मुख्याध्यापकांना जाऊन सांगून आली. तेव्हापासून घरात धुसफूस होती. सोमवारच्या मारहाणीनंतर दिराने पुण्याला फोन करून भावाला तलाक द्यायला सांगितलं होतं. आई घरातून गेली की मुलगी त्याच्या ताब्यात.

आता चौघांना मी वेगवेगळं बसवलं. पद्धत पोलिसांची होती, पण प्रश्न मास्तरांनी सांगितलेले. तू स्वतः कुठे उभा होतास? काय पाहिलंस? किती वेळ पाहिलंस? टेम्पोवाला पहिल्या दहा मिनिटांत म्हणाला की आपण पोहोचलो तेव्हा मारहाण सुरू झाली होती. किराणावाल्याने वेल्डिंगवाल्याकडून ऐकलं होतं. वेल्डिंगवाल्याने मागच्या खिडकीतून पाहिलं होतं. पंचनाम्यात त्या खिडकीला आतून कपाट टेकवलेलं होतं आणि कपाटामागे कोळ्याची जुनी जाळी होती. हे दाखवल्यावर तो म्हणाला, मग दिराने पाहिलं असेल. दीर म्हणाला, सगळे म्हणत होते.

चौघांपैकी कोणीच काही पाहिलं नव्हतं.

मशीन दुरुस्त करणारा माणूस चार दिवसांनी बहिणीच्या गावी सापडला. घाबरून त्याने फोन बंद ठेवला होता. त्याला कुणी बोलावलं होतं, असं मी विचारलं. जबाब घेताना मी हे बाईला विचारलंच नव्हतं, तिनेच बोलावलं असेल अशी माझी अटकळ होती.

"तिच्या जेठाचा फोन आला होता, साहेब. मशीन अडकली, सोमवारी अकराला या म्हणाले. मी काम करायलो होतो आन् बाहेरून कडी पडली. आमी दोघं बी दार वाजवायलो होतो."

कॉल डिटेल्स मागवले. फोन केला होता, आदल्या संध्याकाळी, दिराच्याच नंबरवरून. तो कागद मी दिरासमोर ठेवला. त्याने तो दोनदा वाचला, पाणी मागितलं आणि मग सगळं सांगितलं.

त्या संध्याकाळी ठाण्यात सगळे खुशीत होते. बीट जमादार चहा घेताना म्हणाला, "बरं झालं साहेब, बाई निर्दोष निघाली."

तेव्हा मात्र माझा तोल गेला. निर्दोष नसती तर? तर तो पट्टा बरोबर होता का? मी इतका ओरडलो की लॉकअपवरचा पहारेकरी धावत आला. जमादार बिचारा कप धरून उभा राहिला. त्याने फक्त गावभर जे बोललं जात होतं तेच बोललं होतं. गावातही लोक आता दिराला शिव्या देत होते, पण त्याने फसवलं म्हणून. बाईला मारलं म्हणून शिव्या देणारं फारसं कुणी भेटलं नाही. त्यात सगळ्या जातीधर्मांचे लोक होते.

नवरा पुण्याहून आला. तलाक द्यायचा नाही असं त्याने माझ्यासमोर भावाला ऐकवलं आणि बायको-मुलीला घेऊन परभणीला राहायला गेला. खटला चालला. शेजारचे दोन साक्षीदार फितूर झाले, पण आशाताई, मशीनवाला आणि ती बाई स्वतः ठाम राहिले. चौघांना शिक्षा लागली, अपील झालं, जामिनावर चौघेही घरी आले. वेल्डिंगचं दुकान पुन्हा सुरू झालं.

मी निवृत्त झाल्यानंतरची गोष्ट. माझ्या जुन्या हवालदाराच्या मुलीचं लग्न त्याच गावात होतं. निकाहनामा भरायला मास्तर बसले होते, आणखी थकलेले. वधूकडचा एक साक्षीदार म्हणून वेल्डिंगवाला पुढे येऊन बसला. नात्यात लागत होता म्हणे. मास्तरांनी मान वर करून पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"याचं नाव मी लिहिणार नाही."

एक तरुण मौलवी जवळ वाकून हळूच म्हणाला की अशा माणसाच्या साक्षीनेही निकाह होतो.

"होतो," मास्तर म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पण आळ घेऊन जो साक्षीदार आणत नाही, त्याची साक्ष पुढे कधीही घेऊ नका, असं लिहिलंय. ज्या हुकुमाचं नाव घेऊन यांनी पट्टा उचलला, त्याच्या पुढच्याच ओळींत लिहिलंय. यांनी तेवढं वाचलं नाही. आधी याने परभणीला जाऊन त्या बाईच्या दारात, चार माणसांसमोर, मी खोटं बोललो असं म्हणावं. मग माझ्याकडे यावं."

वेल्डिंगवाला उठला. त्याच्यासाठी कुणी एक शब्द बोललं नाही. त्याच्या जागी मुलीचा मामा येऊन बसला आणि मास्तरांनी पेन उघडलं.

कोर्टात शिक्षा ऐकतानाही त्या माणसाचा चेहरा मी असा पडलेला पाहिला नव्हता. मला समाधान वाटायला हवं होतं, पण रागच आला. मास्तरांना जे माहीत होतं ते मला विचारता आलं असतं. पहिल्याच बुधवारी जीप काढून त्यांच्या दारात गेलो असतो तर अर्ध्या तासात कळलं असतं. मला ते विचारावंसंही वाटलं नाही.

तरुण अधिकारी कधी भेटायला येतात, अनुभव विचारतात. त्यांना मी एवढंच सांगतो: कुणी धर्माचं, जातीचं किंवा गावाचं नाव घेऊन बाईवर हात उगारला, तर त्या नावाला बिचकू नका. त्याला वेगळ्या खोलीत बसवा आणि विचारा की तू स्वतः काय पाहिलंस. आणि त्याने खरंच काही पाहिलं असेल, तरीही गुन्हा त्याच्यावरच दाखल करा.