लाल पेन्सिलवाला म्हातारा

'बजेट' हा शब्द ऐकला की माझं डोकं आजही फिरतं, ते जपानमधल्या सेंदाईच्या बसस्टॉपवर रोज दिसणाऱ्या एका म्हाताऱ्यामुळे. नाव मी कधी विचारलं नाही. बेसबॉलचा सीझन संपला की तो पेपरातल्या खेळाडूंच्या यादीवर लाल पेन्सिल चालवायचा: हा ठेवा, हा काढा.

एका डिसेंबरात त्याच्या आवडत्या टीमनं खर्च कमी करायला बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्या वयस्कर कॅचरला घरी बसवलं. तिथं रांगेत कुणी आवाज चढवत नाही, हा मात्र पेपर आपटून ओरडला, "भूकंपानंतर आम्ही शाळेच्या जिममध्ये राहत होतो, तेव्हा त्यानं महिनाभर पाण्याचे कॅन वाहिले. ते यांनी कुठल्या रकान्यात धरलं?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली. आदल्याच दिवशी ऑफिसात बजेटच्या तक्त्यातून मी तीन माणसांची नावं खोडली होती. आणि त्या तक्त्याचे रकाने मीच आखले होते.