कोपऱ्यातल्या खोलीची पाहुणी

बस जिथे संपते तिथून नारळाच्या झाडांतून वाळूची एक वाट जाते. त्या वाटेने चालत गेलं की आधी समुद्राचा आवाज येतो आणि त्याच्या पाठोपाठ मावशींचा. "चपला बाहेर! पाय धुऊन आत!" माणूस जगाच्या कुठल्याही टोकाहून आलेला असो, त्याला भाषा कळो न कळो, एवढं मात्र बरोब्बर कळतं.

मी त्यांच्याकडे बरीच वर्षं जाते आहे. सर्फिंग मला अजून धड येत नाही. फळीवर उभी राहते न राहते तोच मी पाण्यात असते. पण तिथे काहीच करायचं नसतं, आणि ते काहीच न करणं मावशींच्या घरी जसं अंगी लागतं तसं दुसरीकडे लागत नाही.

मावशी मूळच्या किनाऱ्यावरच्या नव्हेत. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो लग्न होऊन आल्यावर. घर मासेमारी करणाऱ्यांचं. ओसरीवर जाळी, अंगणात जाळी, बसायचं म्हटलं तर जाळं सरकवून जागा करायची. एके दिवशी फळ्या घेतलेले दोन तरुण अंगणात आले आणि अंगावरचं खारं पाणी धुवायला बादलीभर गोडं पाणी मागू लागले. मावशींनी दिलं. मग त्यांनी फळ्या ठेवायला जागा मागितली, मग झोपायलाही. जाळ्यांच्या खोलीत चटया अंथरल्या गेल्या आणि त्यातूनच आजच्या तीन खोल्या उभ्या राहिल्या. पुढे काकांनी, म्हणजे मावशींच्या यजमानांनी, होडी विकून टाकली. आता ते पाहुण्यांचं सामान हातगाडीवरून आणतात आणि लाटा कशा आहेत असं विचारलं तरच बोलतात.

मधल्या सगळ्या वर्षांत मावशी बसलेल्या कुणी पाहिल्या नाहीत. चादरी, चहा, झाडलोट, मासे साफ करणं, कुणाच्या पायात शिंपला घुसला तर तो काढणं. एकुलती एक लेक याच धबडग्यात वाढली, शिकली, शहरातल्या दवाखान्यात नर्स झाली.

त्या वर्षी मी पोचले तेव्हा मावशी कोपऱ्यातल्या खोलीतली गादी उन्हाला टाकत होत्या. तिन्ही खोल्यांत ती सगळ्यात छान. खिडकीतून थेट समुद्र.

"कुणीतरी बाई यायच्यात," त्या म्हणाल्या. "आठवड्यासाठी. लेकीच्या ओळखीच्या आहेत. तिचा फोन आला होता. म्हणाली, आई, बाई वयाने मोठी आहे, जन्मभर राबली आहे, कधी एक दिवस सुट्टी घेतली नाही. तिला जरा नीट ठेव."

"अरेरे," मी म्हटलं.

"नाहीतर काय! घरातल्यांना काही वाटत नाही का गं? बाईमाणसाला असं पिळून काढायचं?" मावशींनी गादीला असा एक धपाटा घातला की जणू त्या घरातलेच समोर होते. नवी चादर काढली, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, मच्छरदाणीचं भोक शिवलं. मला तर त्या अनोळखी बाईचा हेवाच वाटला.

दुपारच्या बसने लेक आली. एकटीच. मागून काका हातगाडी ढकलत होते आणि खाली बघून हसत होते. ते मला जरा वेगळं वाटलं, कारण काका असे उगाच हसत नाहीत.

"अगं, आणि त्या बाई?" मावशींनी वाटेकडे मान उंच करून पाहिलं. "मागे राहिल्या की काय उन्हात?"

"खोली तयार आहे ना?"

"कधीचीच!"

"मग जा, बस आत. ती बाई तूच आहेस."

मावशींना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. मग चिडल्या. हे काय भलतंच खूळ, पाहुण्यांचं कोण बघणार, स्वयंपाक कोण करणार?

"मी," काका म्हणाले.

"तुम्ही? अहो, तुम्हाला मीठ कुठे ठेवलंय ते तरी ठाऊक आहे का?"

"सापडेल."

लेकीने आईच्या हातातली केरसुणी हळूच सोडवून घेतली. "आई, महिन्याभराच्या सुट्ट्या साठवून आठवडाभर आलेय मी. आता नाही म्हणू नकोस." मावशी तिच्याकडे बघत बघत आत गेल्या. जाताना चपला बाहेर काढायला मात्र विसरल्या नाहीत.

पहिली सकाळ सगळ्यांच्याच नाकी नऊ आणणारी होती. सवयीने मावशी उजाडायच्या आत उठून स्वयंपाकघराकडे गेल्या, तर दाराला आतून कडी. खिडकीतून काकांनी चहाचा कप बाहेर दिला.

"हे काय आहे?"

"चहा."

"असं म्हणता?" पण उभ्या उभ्या सगळा प्यायल्या. कुणीतरी केलेला चहा आयता हातात येण्याची त्यांना सवयच नव्हती, हे मला त्यांच्या कप धरण्यावरून कळलं. दोन्ही हातांनी धरला होता.

मग त्यांना त्यांचीच खोली भेटली. पंखा मोठ्या वेगावर कुरकुरतो. नळ कितीही पिळला तरी ठिबकत राहतो. खिडकीचं दार फुगल्यामुळे खांद्याने ढकलावं लागतं. मावशी माझ्या खोलीत तावातावाने आल्या. "तू राहिली आहेस ना त्या खोलीत? मग बोलली का नाहीस?"

"त्यात काय मावशी, चालतं."

"चालतं!" त्या माझ्या पलंगावर बसल्या. मग म्हणाल्या, "किती माणसं येऊन गेली गं. एकानेही तोंड वाकडं केलं नाही. उलट जाताना मिठ्या मारून गेले. मला वाटायचं मीच त्यांचं करते. तेही माझं करतच होते की."

हळूहळू त्या निवळल्या. दुपारी झोपू लागल्या, आणि झोपल्या की घोरू लागल्या. ओसरीवर पाय पसरून लेकीकडून केसांना तेल लावून घेऊ लागल्या. एका नव्या पाहुण्याने "मालकीणबाई कुठे भेटतील?" असं त्यांनाच विचारलं, तर म्हणाल्या, "कुणास ठाऊक, मीही पाहुणीच आहे." मग लेक आणि त्या एवढ्या हसल्या की तो बिचारा ओशाळून पाणी प्यायला गेला. काकांचा भात रोज वेगळा व्हायचा, कधी गोळा, कधी पेज. आम्ही सगळे निमूटपणे खायचो आणि वर मागून घ्यायचो.

समुद्रात उतरणं मास्तरांमुळे घडलं. मास्तर म्हणजे किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणारे, उन्हाने पार कोळसा झालेले, मावशींच्याच वयाचे. भरती उतरल्यावर लाटा लहान झाल्या होत्या. ते कुंपणापाशी येऊन म्हणाले, "वहिनी, आज पाणी अगदी तुमच्याजोगं आहे."

"मला काय त्याचं? मी घोट्यापर्यंतची."

आणि ते खरं होतं. इतकी वर्षं समुद्राच्या दारात राहून मावशी घोट्यापलीकडे कधी गेल्या नव्हत्या. भीती होतीच. पण खरी अडचण अशी, की गेल्या असत्या तर चुलीवरच्या दुधाकडे कुणी बघितलं असतं?

"लोक हसतील," त्या म्हणाल्या.

"कोण लोक?" लेकीने विचारलं. किनाऱ्यावर आम्ही, दोन कुत्री आणि लांबवर एक होडी. हसायला दुसरं कुणीच नव्हतं.

काकांचा जुना सदरा आणि लेकीची विजार घालून मावशी पाण्यात उतरल्या. एका बाजूने मास्तर, दुसऱ्या बाजूने लेक. कमरेइतक्या पाण्यात त्यांना मोठ्या, मऊ फळीवर पालथं झोपवलं. "डोळे उघडे ठेवा, वहिनी. फळीच्या कडा घट्ट धरा. बाकी सगळं पाणी करेल."

फुटलेल्या लाटेचा पांढरा फेस मागून आला. मास्तरांनी फळी सोडली.

मावशी ओरडल्या. आधी घाबरून, मग मधेच तो आवाज बदलला. फळी सरळ किनाऱ्याकडे सुटली होती, दोन्ही बाजूंनी फेस उसळत होता आणि मावशींचं तोंड लहान मुलीसारखं उघडं होतं. वाळूला लागून फळी थांबली. नाकातोंडात पाणी, केस विस्कटलेले. आम्ही धावलो.

"लागलं का मावशी?"

त्यांनी मला हाताने बाजूला केलं आणि मास्तरांना हाक मारली. "अहो, परत!"

किती वेळा गेल्या कोण जाणे. शेवटी शेवटी गुडघ्यांवर बसायला जमलं. उभं राहणं काही जमलं नाही आणि त्याची त्यांना पर्वाही नव्हती. काका हातात झारा घेऊनच वाळूत येऊन उभे होते. तिकडे घरात काहीतरी करपत होतं. मावशी ओल्याचिंब त्यांच्यापाशी आल्या.

"पाहिलंत?"

"पाहिलं."

"तुम्ही रोज होडी घेऊन जायचात तेव्हा असंच वाटायचं का हो?"

काकांनी झारा दुसऱ्या हातात घेतला. "पहिल्यांदा वाटलं होतं," ते म्हणाले. "नंतर विसरलो. आज आठवलं." आणि सगळ्यांदेखत त्यांनी बायकोच्या कपाळावरचे केस मागे सारले.

उरलेले दिवस मावशी रोज पाण्यात गेल्या. अंग ठणकायचं, कोपरं सोलवटली होती आणि त्या ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवत.

लेक निघाली त्या दिवशी बसपर्यंत आम्ही तिघी चालत गेलो. मावशी आभार वगैरे मानणाऱ्यातल्या नाहीत. वाटेत ऊन फार आहे, डबा सांडेल, पोचलीस की फोन कर, असंच बोलत होत्या. तेवढ्यात बस दिसली. त्यांनी लेकीचा हात धरला.

"तू लहान होतीस तेव्हा तुला ओसरीवर बसवून मी सतत कामात. मला वाटायचं, पोरीच्या मनात राहील हे, आईने कधी मांडीवर घेतलं नाही."

"राहिलंय ना मनात," लेक म्हणाली. "तू दमायचीस ते."

मावशींनी मान हलवली. लेक बसमध्ये चढली आणि खिडकीतून ओरडली, "पुढच्या वर्षीही त्या बाईंसाठी खोली माझ्या नावावर ठेव!"

"ठेवते गं! ठेवते!" बस वळेपर्यंत मावशी हात हलवत राहिल्या. मग डोळे पुसून मला म्हणाल्या, "चल, माझं नशीब केवढं चांगलं आहे, ते सांगायला कुणीतरी सोबत हवंच होतं." आणि घरापर्यंतच्या सगळ्या वाटेत त्या सांगत राहिल्या.